द्रौपदीचा प्रश्न आणि ‘जाने भी दो यारों’

श्रोतेहो, ‘जाने भी दो यारों’ या चित्रपटावर माझे मनापासून प्रेम आहे आणि आजची तक्रार त्या प्रेमापोटीच आहे. कुंदन शहा यांनी १९८३ साली या मुंबईचे जे रूप दाखवले, त्याला धारिष्ट लागते. बिल्डर तरनेजा, महापालिका आयुक्त डिमेलो, कोसळणारा उड्डाणपूल आणि हाजीअलीला फोटो स्टुडिओ थाटून सचोटीने पोट भरू पाहणारे विनोद आणि सुधीर, यांतले एकही पात्र दादरला वाढलेल्या माझ्यासारखीला परके वाटले नाही. कोण कोणाचे हात ओले करतो, हे या चित्रपटाला पक्के ठाऊक आहे. बाई मात्र त्याला धड दिसत नाही, आणि हे सर्वांत स्पष्ट कळते ते त्याच्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगात, महाभारताच्या नाट्यप्रयोगात.

प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. खून झालेल्या डिमेलोचे प्रेत दडवण्यासाठी त्याला द्रौपदीचा वेश चढवला आहे आणि मंचावर वस्त्रहरण व्हायचे आहे. साडी फेडली तर बिंग फुटणार, म्हणून दुर्योधन झालेला विनोद द्रौपदीच्या सतीत्वाचा हवाला देऊन वस्त्रहरणाचा बेतच रद्द करतो, तर मंचावर घुसलेला आहुजा, म्हणजे तरनेजाचा प्रतिस्पर्धी बिल्डर, ती आपल्या सगळ्यांची सामाईक असल्याचे भागधारकांच्या भाषेत ठणकावतो. काही वर्षांपूर्वी मी हा चित्रपट शेजारच्या मुलीबरोबर पुन्हा पाहिला. ती पहिल्यांदाच पाहत होती आणि पोट धरून हसत होती. मध्येच थांबून तिने विचारले, “मावशी, ती मेलेली आहे हे मंचावरच्या बाकीच्या नटांच्या लक्षातच येत नाही का?” मी तो भाग मागे नेऊन पुन्हा लावला. साडीतले ते अंग या पुरुषाच्या हातातून त्या पुरुषाच्या हातात जाते, जो तो तिच्या वतीने बोलतो आणि ती बोलत नाही याचे कोणालाच काही वाटत नाही.

पुरुषाला साडी नेसवली, यात मला काहीच गैर वाटत नाही. खाडिलकरांच्या ‘संगीत द्रौपदी’त १९२० साली बालगंधर्वांनीच द्रौपदी उभी केली होती, आणि त्यांचे नेसणे-सवरणे घरंदाज बायकाही बारकाईने पाहत असत. माझा आक्षेप त्या द्रौपदीच्या मुकेपणाला आहे. सभापर्वातली द्रौपदी सभेत येण्याआधीच बोलू लागते. न्यायला आलेल्या प्रातिकामीला ती परत पाठवते आणि युधिष्ठिराला विचारायला सांगते, की तू आधी स्वतःला हरलास की मला. मग भर सभेत ती हाच प्रश्न वडीलधाऱ्यांपुढे मांडते, आणि भीष्मासारख्यालाही धर्माची गती सूक्ष्म आहे यापलीकडे उत्तर सापडत नाही. इरावती कर्वे यांना ‘युगान्त’मध्ये सभेत असा वाद घालणे ही द्रौपदीची मोठी चूक वाटली. मला ते पटत नाही, पण चूक ठरवण्यासाठीसुद्धा इरावतीबाईंनी तो प्रश्न आधी कान देऊन ऐकला होता. चित्रपटात तो विचारायला कोणी उरलेलेच नाही.

यावर एक उत्तर देता येते, आणि ते वजनदार आहे. रक्षण करणारे आणि लुटणारे दोघेही बाईला मालमत्ताच समजतात, हेच तर या प्रसंगात उघडे पडते, असे कोणी म्हणेल. आहुजाच्या तोंडची ती भागधारकांची भाषा ऐकताना मलाही तसे वाटते. चित्रपटाने जिवंत बायकांना जरा वेगळी वागणूक दिली असती, तर मी हे उत्तर मान्य केले असते.

पण शोभा सेन पाहा. ‘खबरदार’ या नियतकालिकाची ही संपादक सुरुवातीला तरनेजाच्या मागे हात धुऊन लागते आणि पुढे हाती आलेल्या पुराव्याच्या जोरावर त्याच्याकडूनच पैसे उकळू पाहते. भ्रष्ट तर सगळेच आहेत. मात्र तरनेजाचा भ्रष्टाचार टेंडरांतून आणि पाकिटांतून दिसतो, तर शोभाच्या भ्रष्टाचाराचा रस्ता विनोदला दाखवलेल्या लाडिक प्रेमातून जातो. पुरुष बिघडला की व्यवस्था बिघडलेली असते आणि बाई बिघडली की ती मोहिनी ठरते, हा फार जुना हिशेब आहे, आणि इतक्या तल्लख चित्रपटाने तो तपासूनही पाहिला नाही याचे मला दुःख होते. शोभाची भूमिका भक्ती बर्वे यांनी केली आहे. ‘ती फुलराणी’तल्या मंजुळेचा संताप ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या नटीच्या गळ्यात काय ताकद होती हे वेगळे सांगायला नको.

त्या काळात नमुने नव्हते, असेही म्हणता येणार नाही. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर याच शहरातल्या गृहिणी सत्तरच्या दशकात महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती असली पाहिजे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने काढला, तेव्हा १९८० साली मुंबईतल्या बायका त्याविरुद्ध एकत्र आल्या, आणि बलात्कारविषयक कायद्यात दुरुस्ती झाली ती १९८३ सालीच. बाई गप्प आहे म्हणजे तिची ना नाही, हे गृहीतक मोडण्यासाठी ही लढाई चालू होती. त्याच वर्षी पडद्यावर एक द्रौपदी आली, जिचे गप्प असणे हाच सगळ्या विनोदाचा आधार होता.

मला या चित्रपटातले काहीही कापायला नको आहे. नाट्यप्रयोगाचा प्रसंग आहे तसाच राहावा. मला हवे आहे ते न लिहिले गेलेले एक दृश्य: ‘खबरदार’च्या कचेरीत रात्री दिवे मालवले गेले आहेत, कंपोझिटर घरी गेले आहेत, शोभा एकटी टेबलाशी बसली आहे, समोर तरनेजाविरुद्धचा पुरावा आहे, आणि तो छापायचा की विकायचा, हे ती ठरवते आहे. तिला भुलवायला समोर कोणी नाही आणि ती कोणाला भुलवतही नाही. भक्ती बर्वे यांनी ती दोन मिनिटे कशी केली असती, याचा विचार माझ्या मनात अजून येतो.