ज्वारीची मूठ

(शनिवारची सकाळ. सोलापुरातल्या गिरणगावातली जुनी वस्ती. सुपाचा आवाज.)

आज दळणाचा दिवस. आक्का सुपात ज्वारी घेऊन दारात बसल्यात. मालदांडीचा टपोरा, मोत्यासारखा दाणा. त्या खडा काढतात, कोंडा पाखडतात. निवडलेलं धान्य पिशवीत भरण्याआधी त्या शेजारचा पत्र्याचा डबा पुढे ओढतात. डब्याच्या झाकणावर खिळ्यानं कोरलेला एक लहानसा क्रूस आहे.

मग मुठी मोजतात. एक, दोन, तीन. घरातल्या माणसागणिक एक मूठ.

या घरात आत्ता पाच माणसं राहतात. आक्कांच्या मुठी मात्र सात होतात.

"एक पुण्यातल्या धाकट्याची, एक नेपाळातल्या पोरीची. लांब गेलं म्हणून माणूस घरातलं कमी होतंय का?"

(रविवार सकाळ. मंडळीचं दार. लोखंडी तराजू.)

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपासनेला येणाऱ्या बऱ्याच घरांत असा डबा आहे. कुणाचा पत्र्याचा, कुणाचा प्लॅस्टिकचा, कुणी नुसती पिशवीच आणतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या आधी हे डबे व्हरांड्यात येतात. स्त्रीमंडळाच्या बाया धान्य तोलून वहीत लिहितात. कुणाचं किती, हे मात्र वहीत नसतं. फक्त एकूण वजन लिहायचं, असं बायांनीच ठरवलंय. ज्या घरात मजुरीचा खाडा पडला त्या घरची मूठ लहान असते, ती उघडी पडू नये म्हणून. मला विचाराल तर या मंडळीचा हा सगळ्यात सुंदर नियम आहे.

या धान्याचं काय होतं ते पुढे येईलच. आधी ही मूठ आली कुठून ते सांगायला हवं.

पसाभर धान्य बाजूला काढणं मराठी घराला नवं नाही. पहाटे वासुदेव दारात आला की त्याच्या झोळीत पसा पडायचाच. विनोबांनी सर्वोदय पात्राची कल्पना मांडली तीही हीच: घरातल्या लहान मुलाच्या हातानं रोज एक मूठ. तिकडे मिझोराममध्ये ख्रिस्ती बायांनी १९१० साली ही रीत धरली. स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायचे आणि ते मंडळीच्या कामाला द्यायचे. त्याला त्या 'बुहफाय थाम' म्हणतात. त्या मुठींवर तिथल्या मंडळ्यांनी पुढे शेकडो सेवक दूरदूर पाठवले. आमच्याकडे तांदूळ नाही, ज्वारी आहे. हात तेच.

(जुनी छायाचित्रं. समुद्र, जहाज, मुंबई बंदर.)

आता सातासमुद्रापलीकडची एक मूठ.

१८०२ च्या सुमारास अमेरिकेत बोस्टन शहरात काही बायांनी ठरवलं की आठवड्याला एक सेंट बाजूला ठेवायचा. एक सेंट म्हणजे त्यांच्याकडचा अगदी लहान पैसा. अशा पैशा-पैशानं तिथल्या साध्या मंडळ्यांना परदेशी कामासाठी द्यायची सवय लागली. १८१० साली त्यांचं अमेरिकन बोर्ड, परदेशी मिशनकामाची संस्था, उभं राहिलं. बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१२ च्या फेब्रुवारीत जहाजानं निघाले आणि १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, परत जा म्हणून हुकूमही निघाला. ते राहिले. हॉल १८२६ साली नाशिककडच्या भागात पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, वारले. त्या प्रवासात ते पटकीच्याच रोग्यांना औषध देत फिरत होते.

मुंबईहून हे अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली अहमदनगरला गेलं. १८६० साली रेल्वे सोलापूरपर्यंत आली आणि त्याच दशकात मिशनही इथे आलं. त्यानंतर १८७७ साली कापडगिरणी आली, भोंगा आला, तेलुगू विणकर आले, कानडी मजूर आले. या तीन भाषांच्या गर्दीत आमची मंडळी रुजली.

(शाळेची पाटी. मुली सायकलवरून येताहेत.)

सोलापूरकर एक शब्द रोज उच्चारतो: वोरोनोको. रिक्षावाल्याला सांगा, तो बरोबर शाळेपाशी सोडेल. हा शब्द मराठी नाही, कानडी नाही, तेलुगूही नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वोरोनोको नावाचं एक लहान गाव आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं ते नाव. अमेरिकन मिशनच्या हातानं ते सोलापुरातल्या मुलींच्या शाळेवर आलं आणि आपल्या जिभेवर इतकं बसलं की परकं वाटतच नाही.

आणि १९०० सालचा दुष्काळ. त्या साली न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं. तिथल्या वाचकांनी, मंडळ्यांनी, शेतकऱ्यांनी थोडंथोडं देऊन भरलेलं जहाज. दुष्काळ सरला तरी पोरकी झालेली मुलं होतीच. सोलापुरात मेरी हार्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालवाडी काढली, ती याच काळात. पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन दुष्काळातल्या मुलींनी आणि विधवांनी भरून गेलं, तेही याच वर्षांत.

आमच्या मंडळीतल्या कितीतरी घराण्यांची सुरुवात त्या दुष्काळातल्या एखाद्या पोरक्या मुलापासून होते. ज्यांनी आपल्याला कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या घासातला घास आपल्या पणज्याच्या पोटात गेला. हे माझ्या आजीनं मला सांगितलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. तेव्हापासून मला मक्याचं कणीस नुसतं कणीस म्हणून खाता आलेलं नाही.

(मंडळीचा जुना दरवाजा. रंग उडालेला.)

पण घेण्याची सवयही लागते, आणि ती लवकर सुटत नाही.

बोर्डाचा पैसा हळूहळू कमी झाला, साहेबलोक परत गेले. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली आणि कारभार पूर्ण आपल्या हाती आला. तरीही माझ्या लहानपणी छप्पर गळलं की मोठी माणसं म्हणायची, "मिशन बघेल." बघायला कोणी उरलं नव्हतं. दोन पावसाळे आम्ही बादल्या मांडून उपासना केली. हे सांगताना आजही वाईट वाटतं. छप्पर बांधायला लागणारा पैसा मंडळीत नव्हता असं नाही. तो द्यायचा असतो, हेच आम्ही विसरलो होतो.

हे कुणाच्या ध्यानात आलंच नव्हतं असंही नाही. १९०५ च्या नाताळात सेरामपूरला व्ही. एस. अझरिया आणि त्यांच्या सोबत्यांनी नॅशनल मिशनरी सोसायटी काढली. माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय, हा तिचा बाणा. अझरिया स्वतः तमिळ, पण त्यांचं आयुष्य गेलं तेलुगू मुलखात, दोर्नकलला. इकडे नारायण वामन टिळक अभंग रचत होते, टाळ-एकतारीवर ख्रिस्त गात होते. गाणं आपलं झालं तसं देणंही आपलं व्हायला हवं, हा ध्यास या सगळ्यांचा होता.

आमच्या मंडळीत देणं आपलं झालं ते बायांमुळे. पंचांच्या सभेत वर्गणीवरून वाद रंगला होता. एक म्हातारी उठली आणि तिनं बायबलातल्या सारफथच्या विधवेची गोष्ट सांगितली. मडक्यात मूठभर पीठ, एलिया संदेष्ट्याला आधी भाकरी दिली, आणि पीठ सरलं नाही. "आपल्या डब्यात त्या बाईपेक्षा जास्त हाय की," ती म्हणाली. पुढच्याच महिन्यात व्हरांड्यात तराजू लागला.

(सिव्हिल हॉस्पिटलचं आवार. संध्याकाळ.)

गोळा झालेल्या ज्वारीचे दोन भाग होतात.

पहिला भाग गिरणीत जातो आणि गुरुवारी भाकरी होऊन सिव्हिल हॉस्पिटलच्या दाराशी येतो. इथे फक्त सोलापूर जिल्ह्यातले रोगी नसतात. धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीहून माणसं येतात. रोग्याला आत जेवण मिळतं. बाहेर झाडाखाली चादर अंथरून बसलेल्या त्याच्या माणसाला कोण विचारतं? त्याच्या हातावर दोन भाकरी, शेंगाची चटणी, वाटीभर आमटी. बाया कानडीत विचारतात, "ऊटा आयता?" मराठीत विचारतात, "जेवलात का?"

इथे पत्रकं वाटत नाहीत, प्रवचन करत नाहीत. कुणी आपणहून विचारलं, "तुम्ही कुठले?" तर सांगतात, कुणी म्हणालं, "आमच्यासाठी प्रार्थना करा," तर तिथेच उभ्यानं करतात. भाकरीला अट जोडली की ती भाकरी राहत नाही, यावर आमच्या मंडळीत दुमत नाही. मलाही यात तडजोड मान्य नाही.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की तरुण संघाची मुलं ऊसतोड कामगारांच्या खोपटांकडे जातात. कारखान्याचं धुराडं पेटलं की शाळेतली पोरं पालांवर आलेली असतात. संध्याकाळी कंदिलात बाराखडी आणि पाढे, इतकंच.

(कापणीचा सण. मांडव, केळीचे खांब, ढीग.)

दुसरा भाग कापणीच्या सणाला विकला जातो. हा दिवस बघायलाच हवा. वेदीपुढे ज्वारीची ताटं, भोपळे, बोरांची टोपली, कोंबडा, घरी विणलेला टॉवेल, कडक भाकरीची चवड. आभाराची उपासना झाली की बाहेर लिलाव. एक अंडं पन्नास रुपयांना जातं, विकत घेणारा ते परत ढिगात ठेवतो, पुन्हा बोली लागते, पुन्हा परत. त्या एका अंड्यानं किती फेऱ्या मारल्या याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

या पैशातून मंडळी दूरच्या कामाला हात लावते. पैसा कुठे गेला ते पुढच्या रविवारी व्यासपीठावरून पै-पैसह वाचून दाखवलं जातं. ते वाचन कंटाळवाणं असतं, आणि ते झाल्याशिवाय कोणी उठत नाही.

(डोंगर. धुकं. दवाखान्याची लांब इमारत.)

आक्कांची नात मिरजेला नर्सिंग शिकली. सोलापूरहून कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेला जाणारी गाडी तिच्या तोंडपाठ. शिकताना फी कमी पडली तेव्हा मंडळीनं दिली. शिकून झाल्यावर ती म्हणाली, मला नेपाळात जायचंय. तिथे १९५४ पासून निरनिराळ्या देशांच्या मंडळ्या मिळून दवाखाने चालवत आल्या आहेत.

घरात रडारड झाली. तेव्हा आक्कांच्या शेजारच्या काकांनी, जे आमच्या मंडळीचे नाहीत, डॉक्टर कोटणीसांचं नाव काढलं. सोलापूरच्या मातीतला तो तरुण १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, परक्यांच्या जखमा बांधत राहिला आणि १९४२ साली तिथेच गेला. त्याचं राहतं घर आज स्मारक आहे. "आपल्या गावाला हे नवीन नाही आक्का," काका म्हणाले, "जाऊ द्या पोरीला."

तिच्या पेटीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक सोलापुरी चादर गेली. दर महिन्याला मंडळी तिच्या खर्चाला हातभार लावते. दर रविवारी तिचं नाव प्रार्थनेत येतं. ती फोनवर सांगते, डोंगर उतरून बाया दोन-दोन दिवस चालत बाळंतपणाला येतात.

(पुन्हा आक्कांचं दार.)

परवा तिचा फोन आला. रात्री एक बाई आली होती, मूल वाचलं, आई वाचली नाही. मुलाला न्यायला अजून कोणी आलेलं नाही. थंडी फार, म्हणून तिनं त्याला आपल्या चादरीत गुंडाळलंय.

आक्का सुपातली ज्वारी निवडतात. डबा पुढे ओढतात.

पाच. सहा. सात.

हात पुन्हा सुपात जातो.

आठ.