पानाला भोक पडू दे

नमस्कार मंडळी, रविवारची सकाळ सोडून सिडकोतनं, नाशिकरोडवरनं एवढे जण आलात, खूप बरं वाटलं. विषय लॉनचा आहे, आणि नाशिकमधे लॉन्स म्हटलं की आधी लग्नच आठवतं, पण मी बोलतोय ते आपल्या बंगल्यापुढच्या, सोसायटीतल्या हिरव्या गालिच्याबद्दल.

आधी पाण्याचं बघू. एका चौरस मीटरवर 1 मिमी पाणी म्हणजे 1 लिटर. मे महिन्यात लॉन हिरवंगार पाहिजे तर दिवसाला 5 मिमी तरी धरा, म्हणजे हजार स्क्वेअर फुटाला रोजचं साधारण 465 लिटर, गंगापूर धरणाचं नाहीतर बोअरचं. पण माझं खरं दुखणं पाणी नाहीये. एवढं पाणी पिऊन ते गवत कोणाच्याच पोटात काही घालत नाही हे दुखणं आहे. गवत असून मुनियेसारख्या गवताचं बी खाणाऱ्या पक्ष्याला एक दाणा मिळत नाही, कारण बी धरायच्या आत आपण मशीन फिरवतो.

आपण पाहुण्यांना कौतुकाने नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेतो, 2020 मधे ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा झालं, अभिमान वाटतोच. पण आपल्या खिडकीतल्या शिंपी पक्ष्याचं काय? शिंपी, बुलबुल, अगदी दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीला किडे आणि अळ्याच भरवते. अळी नाही तर पिल्लू नाही, इतकं सरळ आहे ते.

आणि अळी वाटेल ते खात नाही. रुईवर येणारी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी तुम्ही मेक्सिकन लॉनवर सोडली तर उपाशी मरेल. घाणेरीवर फुलपाखरं भिरभिरतात म्हणून लोक ती लावतात, पण ती अमेरिकेतनं आलेली, मध मिळतो हे खरं, पण आपल्या बहुतेक फुलपाखरांना तिच्यावर अंडी घालता येत नाहीत. म्हणजे हॉटेल आहे, घर नाही.

मी लॉनचा 10 बाय 12 चा तुकडाच बदलला. खणलं नाही. एप्रिलमधे गवतावर जुने पुठ्ठे अंथरले, पाणी मारलं, वर वीतभर पालापाचोळा, आणि जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर कोरांटी, रुई, कढीपत्ता लावला, एका कडेला मारवेल आणि पवन्या गवत तसंच वाढू दिलं. ऑगस्टमधे कढीपत्त्यावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी दिसलं, पुसायला गेलो तर ते हललं. अळी होती ती. आठवड्यात हिरवी झाली, बोट लावलं की डोक्यामागनं नारिंगी शिंगं बाहेर काढायची आणि कुजक्या लिंबासारखा वास. पाच होत्या. पुढच्या आठवड्यात फवारणीवाल्याने सगळ्या कंपाउंडला औषध मारलं, मला न विचारता, आणि पाचही खाली पडलेल्या. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

म्हणून सांगतो, झाडं लावण्याआधी सोसायटीच्या मीटिंगमधे फवारणी बंद करायचं ठरवून घ्या. पान खाल्लेलं दिसलं की खुश व्हा, कोणीतरी जेवून गेलंय.

साप येतील का, हे सगळेच विचारतात. साप उंदरामागे येतो, तेव्हा खरकटं उघडं टाकू नका आणि चालायच्या वाटेवरचं गवत कापलेलं ठेवा. डास साचलेल्या पाण्यात होतात, झाडात नाही, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा. मुलांना खेळायला मधे लॉन राहू दे की, माझं भांडण कोपऱ्यातल्या, कोणी पायही ठेवत नाही अशा लॉनशी आहे.

मागच्या टेबलावर रुईची पिकलेली फळं ठेवलीत, म्हाताऱ्या उडायच्या आत कागदात गुंडाळून न्या. फक्त चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात नीट धुवा.