चाळीस सेकंदांचा फोन

[दृश्य: लातूर, ट्युशन एरिया. रात्रीचे साडेनऊ.]

निवेदन:
क्लास सुटलेत. उद्योग भवनाच्या आसपासच्या गल्ल्यांत सायकली, स्कुट्या, हँडलला अडकवलेले मेसचे डबे. एका रूमच्या जिन्यात सतरा वर्षांचा मुलगा कानाला फोन लावून बसलाय. पलीकडे वडील, गंगाखेड तालुक्यातल्या गावात.

"जेवलास का?"
"हाव."
"अभ्यास?"
"चालू हाय."
"पैशे हायत का?"
"हायत."
"बरं, ठिवतो."

चाळीस सेकंद. रोज एवढंच.

मुलाने सांगितलं नाही ते असं: 'नीट'च्या सराव परीक्षेत ७२० पैकी ४१० पडले. वडिलांनी सांगितलं नाही ते असं: सोयाबीन मोंढ्यावर घातलं. २०२४ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. हातात पडला ४,१०० चा भाव. "किती?" हा प्रश्न दोघांनाही नको असतो, म्हणून दोघंही तो समोरच्याला विचारत नाहीत.

[दृश्य: गाव. दारातली मोटारसायकल.]

या गाडीच्या टाकीवर बसून तो शेतापर्यंत बडबडत यायचा, असं आई सांगते. मग हे कधी थांबलं? गावात उत्तर तयार असतं: मोबाईल. आम्हाला ते पटलं नाही. मोबाईल नव्हता तेव्हा, लहानपणी, याच वडिलांना बूट हवे असले की ते आपल्या आईला सांगायचे. आई वाढता वाढता विषय काढायची. आजोबा ताटाकडे बघत "बघू" म्हणायचे. बापलेकांमधला निरोप्या घरात तेव्हापासून आहे.

बीडकडं तर दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पोरं आजीजवळ. तिथं आईसुद्धा फोनमध्येच.

[दृश्य: पुन्हा जिना. व्हिडिओ कॉल. पडद्यावर गोठा, टॉर्चचा उजेड.]

आज वडिलांनी गाय व्यायलेली दाखवायला फोन केलाय. कालवड झालीय, कपाळावर पांढरा ठिपका. "उठली का?" "कवाच. दूध बी पेली." टॉर्च हलतो. मग चेहरा न दाखवताच वडील म्हणतात, "सोयाबीन घातलं बरं का. एक्केचाळीसशेनं."

मुलगा जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखाने खरवडतो.

"मला बी चारशे धाच पडले, दादा."

कालवड हंबरते.

"बरं... जेवलास का?"

"न्हाई. आज बी वांगंच होतं डब्यात."