रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

नमस्कार श्रोतेहो.

मी चादरवाला. नव्या पेठेत वडिलांनी टाकलेलं दुकान आहे, तीस वर्षं गादीवर मीच बसतोय. आरोग्याच्या कार्यक्रमात बोलायला बोलावलंय असं घरी सांगितलं, तर आमच्या मंडळी म्हणाल्या, "तुम्ही? दवाखान्याच्या पायरीवरनं चप्पल न काढता परत येणारे तुम्ही!" खरंय ते. म्हणूनच बोलतोय.

दुखण्याचं नाव फायब्रोमायाल्जिया. परत सांगतो, कुणी लिहून घेत असेल तर: फाय-ब्रो-मा-याल-जिया. आमच्या दुकानातला पोरगा त्याला 'फायबरचं मायाजाल' म्हणतो. मी त्याला रागावत नाही, कारण मलाही पहिले दोन महिने नाव म्हणता येत नव्हतं.

होतं काय, तर सगळं अंग दुखतं. गुडघा धरला, कंबर धरली असं एका जागी नाही. आज खांदा, उद्या मांड्या, परवा फासळ्या, आणि हे महिनोन् महिने. रात्रभर झोपून उठावं आणि अंग असं आंबलेलं असावं, की रात्री कुणीतरी आपल्याकडनं ट्रकभर गाठोडी उतरवून घेतली. सूज नाही, ताप नाही. एक्स-रे चांगला, रक्त चांगलं. रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं. हे वाक्य मी आज दोन-चारदा म्हणणार आहे, कंटाळू नका.

का होतं? आपल्या सोलापूरकरांना जॅकार्ड समजावून सांगायची गरज नाही. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात, कुठला धागा उचलायचा हे ती मागाला सांगतात. समजा, सूत चांगलं आहे, माग चांगला आहे, पण कार्डांत घोटाळा झाला. मग मोराच्या जागी भलतंच काहीतरी विणलं जातं. आता तुम्ही सूत कितीही तपासा, त्यात दोष सापडणार नाही. तसं हे. स्नायू, हाडं, सांधे ठीक असतात. मेंदू आणि मज्जारज्जू तिथनं आलेल्या निरोपाचं जे विणकाम करतात, त्यात गडबड. साधा स्पर्शसुद्धा दुखणं म्हणून विणला जातो. डॉक्टर यापेक्षा चांगलं सांगतील, मला एवढंच कळलंय.

१९०४ साली लंडनच्या गावर्स नावाच्या डॉक्टरांनी याला 'फायब्रोसायटिस' म्हटलं, म्हणजे तंतूंची सूज. पुढं कळलं की सूज नसतेच. १९७६ साली 'फायब्रोमायाल्जिया' हे नाव आलं. नावातली सूज उतरायला बहात्तर वर्षं लागली, मग माझी सहा वर्षं काय घेऊन बसलात!

हो, सहा वर्षं. सहा वर्षं मी गावभर फिरलो. हाडाचे डॉक्टर झाले. फासळ्या दुखतात म्हणून ईसीजी झाला, तो नॉर्मल. पाठीचा एमआरआय झाला, 'वयाच्या मानानं उत्तम' असं लिहून आलं. व्हिटॅमिनची इंजेक्शनं झाली. एका मालिशवाल्यानं तेल लावून असं रगडलं, की घरी येऊन मी मोरीत बसून रडलो, नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. नळाला पाणी होतं त्या दिवशी, ते एक नशीब. चार-चार दिवसांनी येणारं पाणी मी रडण्यात घालवलं याचं बायकोला अजून वाईट वाटतं.

आता तो संक्रांतीचा किस्सा सांगतो. खरं तर तो सांगायलाच मी आलोय.

गड्ड्याचे दिवस, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेचे. होम मैदानावर पाळणे लागलेले, बाहेरगावची माणसं गावात, आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही. या दिवसांत आमच्या गावात पुरुषाचं माप काय असतं, तुम्हाला माहीत आहे. नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली ती उंच, जड काठी, पेलतो तो गडी. माझा चुलतभाऊ दिवाळीपासनं सरावाला जातो. मी पांढरी बाराबंदी घालून मागं चालतो, 'हर्र' म्हणतो, आणि मनात देवाला सांगतो, बाबा सिद्धेश्वरा, मला कुणी काठीला हात लाव म्हणू नये.

तर दुकानात इंडी तालुक्यातली मंडळी आली. घरात लग्न. आहेराला एकतीस चादरी हव्या. पुढारीण म्हणजे एक आजी, सत्तरीच्या, इरकल नेसलेल्या, हातात पानाची चंची. चादरीच्या धंद्यात दाखवण्याची एक रीत आहे. चादर अशी घडीनं हातात देऊन विकली जात नाही. दोन टोकं धरायची, हात डोक्याच्या वर न्यायचे आणि झटका द्यायचा. फट्ट! अख्खी चादर हवेत फुगते आणि गिऱ्हाइकाच्या पुढ्यात उतरते. तो आवाज ऐकून अर्धा सौदा होतो. माझे वडील सत्तराव्या वर्षी तो झटका द्यायचे. (हल्ली मोबाइलवर फोटो बघून चादर मागवतात. मागवा बापडे. पण पातळ, गुळगुळीत भलतंच काहीतरी 'सोलापुरी' म्हणून गळ्यात पडलं तर मग आमच्या नावानं बोटं मोडू नका. आपल्या चादरीला जीआय, म्हणजे अस्सल सोलापूरचीच अशी सरकारी खूण, मिळून जमाना झाला, तरी स्टेशनाबाहेर काय विकतात ते जाऊन बघा. असो.)

मी झटके द्यायला लागलो. पहिल्या पाच-सहा झाल्या. आठव्या चादरीला खांद्यातनं सणक निघाली ती मनगटापर्यंत. नववी कशीबशी. दहाव्या चादरीला हात वर गेलेच नाहीत. श्रोतेहो, चादर ती काय, आमच्या घरातली पोरंसोरं उचलतात. माझ्या हातातनं ती आजींच्या पायावर पडली. दुकानातला पोरगा ओरडला, "मालक, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही बे, घाम आलाय, हात निसटला." जानेवारीत!

आणि मी मागच्या फळीआड, टॉवेलच्या गठ्ठ्यावर जाऊन बसलो. मोबाइल कानाला लावला, कुणाशी तरी बोलतोय असं दाखवायला. पलीकडं कुणी नव्हतं.

आजी आल्या की मागं. फळी ओलांडून. म्हणाल्या, "अण्णा, फोन ठेव. उलटा धरलाय."

मी ठेवला.

"दुखतंय?"

"नाही आजी."

"किती वर्षं?"

बघा हं, 'दुखतंय का' याला मी 'नाही' म्हटलं, आणि 'किती वर्षं' याला माझ्या तोंडातनं आलं, "सहा." बाईनं माझं उत्तर ऐकूनच घेतलं नव्हतं. 'नाही'ला काही किंमत नसते हे तिला माहीत होतं.

मग तिथं, टॉवेलच्या गठ्ठ्यावर, त्यांनी माझी तपासणी केली. सकाळी उठल्यावर झोपायच्या आधीपेक्षा जास्त थकल्यासारखं वाटतं का? वाटतं. पँटचा पट्टा टोचतो का? टोचतो, मी दोन भोकं सैल लावतो. रात्री अंगावरची चादर जड होते का? आता हे मी कुणाला सांगणार होतो? चादरवाल्याला चादरीचं ओझं होतं! थंडीत मी धोतराचं जुनं पान पांघरून झोपत होतो आणि बायकोला 'मला उकडतं' म्हणून सांगत होतो. नावं विसरतोस का, हिशेब चुकतो का? चुकतो. पोटाची तक्रार? आहे.

सहा डॉक्टरांनी मिळून हे प्रश्न विचारले नव्हते. का नाही? कारण मी प्रत्येकाला एकच जागा सांगितली. एकाला खांदा, एकाला कंबर, एकाला फासळी. सगळं अंग दुखतं असं सांगायचं म्हणजे आपण नाटकी ठरू, ही भीती. आजी म्हणाल्या, "माझ्या लेकीला आहे हे. आठ वर्षं सासरचे म्हणायचे, कामाची चोर. मग नाव सापडलं." आणि त्यांनी चंचीतनं एक चुरगळलेली चिठ्ठी काढली, लेकीच्या औषधाची. वर ते नाव लिहिलेलं. मी पहिल्यांदा वाचलं, आणि वाचता आलं नाही.

एवढी माया केली, आणि बाहेर जाऊन त्याच आजींनी नगामागं वीस रुपये कमी करून घेतले. एकतीस नग, सहाशेवीस रुपये. माझ्यात घासाघीस करायची ताकदच उरली नव्हती. ते त्यांना बरोबर कळलं होतं.

गठ्ठे बांधले, टमटम गेली. रात्री शिल्लक मोजली तर चार चादरी जास्त. पैसे एकतीसचे घेतले, बांधल्या सत्तावीस. तोंडी हिशेबात नव्या पेठेत माझा हात धरणारा कुणी नव्हता, आणि मला एकतीस मोजता आले नाहीत. त्यांचा फोन नंबर नाही, गावाचं नाव नाही. नुसतं 'इंडीकडचे'.

बायकोला कधी सांगितलं? दोन महिन्यांनी. त्या काय म्हणाल्या, ते सांगतो. म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलाय." कारण कुणी खांद्यावर हात ठेवला की मी अंग चोरायचो. पोरगी मागनं येऊन गळ्यात पडली की खेकसायचो. दुखतं म्हणून खेकसतोय हे मला ठाऊक, त्यांना कसं ठाऊक असणार? पुरुषाचं हे असं होतं. दुखणं बाहेर येताना राग होऊन येतं. काहींचं दारू होऊन येतं, काही उदास होतात, कोपऱ्यात बसून राहतात. घरच्यांना फक्त तो राग दिसतो.

पुढं एका संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी कागदावर माणसाचं चित्र दिलं, म्हणाल्या, मागच्या आठवड्यात जिथं जिथं दुखलं तिथं खूण करा. त्यात १९ भाग असतात. मी १४ वर खुणा केल्या. थायरॉइड, रक्तातली सूज वगैरे दुसरं काही नाही ना, याच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट नॉर्मल. पण या वेळी बाई म्हणाल्या, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, आणि तुमचं दुखणं खरं आहे." सहा वर्षांत 'आणि' म्हणणारं पहिलं माणूस. बाकी सगळे 'मग' म्हणायचे. रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखतंय कशाला?

हा बायकांचा आजार आहे असं लोक म्हणतात, त्यालाही एक कारण आहे. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी नियम केला होता. अंगावर १८ ठरलेल्या जागा, अंगठ्यानं साधारण ४ किलोचा दाब द्यायचा, ११ ठिकाणी दुखलं तर हा आजार. आता पुरुषांना दाब मुळात जरा उशिरा बोचतो, आणि वर आमची अक्कड. दाबून विचारलं दुखतंय का, की 'छे छे'. मग गाडी सात-आठवर अडायची आणि माणूस घरी. दवाखान्यात एका पुरुषामागं नऊ बायका दिसायच्या. २०१० साली ती दाबायची अट काढली, चित्र, झोप, थकवा, विसर यांना मान दिला, तशी ही दरी बरीच कमी झाली. आजार शंभरात दोन ते चार जणांना असतो म्हणतात. सोलापूरची वस्ती किती, हिशेब तुम्ही करा, माझा चुकतो. हॉलिवूडचे नट मॉर्गन फ्रीमन यांनी २०१२ साली मुलाखतीत सरळ सांगून टाकलं होतं, मला हे आहे, हात दुखतो. त्यांचं काय गेलं?

उपायाचं थोडक्यात. समूळ जात नाही, पण आवाक्यात राहतं. औषधं आहेत, प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन अशी, ती डॉक्टरनं ठरवायची. मेडिकलवाल्याला विचारून नाही आणि आजींच्या चंचीतनंही नाही. स्टिरॉइडच्या मागं लागू नका, याला त्याचा उपयोग नाही. सगळ्यात भरवशाचा उपाय व्यायाम. हो, दुखतंय त्यालाच चाला म्हणतात, मलाही राग आला होता. मी पाच मिनिटांपासनं सुरू केलं, सिद्धेश्वर तळ्याच्या कडेनं. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची. आपण गडी लोक काय करतो? एक दिवस बरं वाटलं की सगळं गोडाऊन लावायला घेतो, आणि पुढचे चार दिवस आडवे. ते करायचं नाही. बऱ्या दिवशीही तेवढंच, वाईट दिवशीही थोडं तरी. बऱ्या दिवशीही तेवढंच. आणि झोपेची वेळ पाळायची.

आता दुकानात मी चादर झटकत नाही. गादीशेजारी एक लाकडी स्टूल ठेवलंय, त्यावर बसतो, गिऱ्हाइकाला म्हणतो, "तुम्हीच घडी मोडा." काही जण तोंड वाकडं करतात. यंत्रमागावरचा एक जॉबर परवा म्हणालाच, "शेठ लई मोठे झाले." मी म्हटलं, "मोठा नाही बाबा, मला फायब्रोमायाल्जिया आहे." त्यानं टॉवेल घेतला, पैसे दिले, आणि जिन्यावरनं परत येऊन हळूच विचारलं, "ते काय म्हणाला, परत सांगा की."

समोर काचेआडनं मला दोन मिनिटांची खूण झालीय. तेवढ्यात माझं एक काम करून घेतो. इंडीकडच्या आजी, किंवा त्यांच्या घरचं कुणी ऐकत असेल तर: तुमच्या चार चादरी आमच्याकडं आहेत. मोरपंखी रंग, दोन्हीकडनं नक्षी. वरच्या फळीवर कागदात बांधून ठेवल्यात, पैसे पोचलेले आहेत. लग्न होऊन लेकरंबाळं झाली असतील, तरी घेऊन जा.

नमस्कार.