सणाचं ताट: काय कुठे वाढायचं आणि कधी

नमस्कार मंडळी. आज पुरणपोळीचं ताट वाढूया. हे रिकामं ताट, आणि तुम्ही जेवायला बसलाय असं धरा.

आधी मीठ. चिमूटभर, तुमच्या समोरच्या कडेला, मधोमध. (नैवेद्याच्या ताटात मात्र मीठ वाढत नाहीत.) मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. हे तोंडी लावणं, त्यामुळे चटणी अर्धा चमचाच, कोशिंबीर फार तर डावभर. उजवीकडे भाजी आणि कटाच्या आमटीची वाटी. ज्यात हात सारखा जातो, ते उजव्या हाताशी. मधे भाताची मूद, त्यावर वरण.

इथे बहुतेकांचं गणित चुकतं ते काकडीत. कोचलेल्या काकडीला मीठ लागलं की ती पाणी सोडते. तासभर आधी कालवून ठेवलीत, तर ते पाणी चटणीत शिरतं आणि शेजारची कुरडई मऊ पडते. म्हणून मीठ आणि दाण्याचं कूट वाढायच्या क्षणी घाला. कुरडई-पापड तर सगळे बसल्यावरच वाढा.

तूप सगळ्यात शेवटी, गरम वरणावर. शेवटच्या पानावर तूप पडलं की श्लोक, मग पहिला घास. मुलांना नुसतं ‘थांब’ म्हणण्यापेक्षा ‘तूप येऊ दे’ म्हणा; कशासाठी थांबायचं ते त्यांना दिसतं.

पोळी पहिल्यांदा अर्धीच. वरणभातानंतर अख्खी पुरणपोळी जड जाते, आणि टाकायचा संकोच म्हणून पाहुणा ती कशीबशी संपवतो. आग्रह दोनदा करावा. ताटावर आडवा हात आला की तुपाचं भांडं मागे घ्या, हसत हसत हातावर तूप ओतायची गंमत आता पुरे!

आता डायनिंग टेबल. पंगतीत वाढपी वेगळा असायचा, म्हणून भांड्यांना उष्टा हात लागत नसे. टेबलावर सगळेच जेवतात, सगळेच वाढून घेतात आणि आमटीच्या डावाच्या दांड्याला पुरण चिकटतं. सहा-आठ माणसांमागे एकाने वाढावं, त्याने मागाहून बसावं. बसल्यावर त्याला वाढायला दुसरं कुणीतरी उठायचं, हे आधीच ठरवा. तेही जमत नसेल तर डाव डाव्या हाताने धरा. घरातल्या मोठ्यांना हे खटकेल, पण त्या वेळी स्वच्छ हात तोच असतो.

शेवटी ताकभात. तो सगळ्यांचा संपेपर्यंत कुणी हात धुवायला उठत नाही, म्हणून ताकाचं भांडं सावकाश जेवणाऱ्या आजोबांकडे आधी न्या.