टायरवरचा आकडा आणि डोमेनचा मालक

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘घरच्या घरी : गाडीची देखभाल आणि वेबसाइटची उभारणी’. तो वाचून दोन गट आलेले दिसतायत. उजवीकडे गाडीवाले, डावीकडे वेबसाइटवाले, आणि मधल्या खुर्च्यांवर पंख्याची जागा बघून बसलेले. तिघांचंही स्वागत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, कारण बोलायला लागलो की मी भरकटतो हे संयोजकांना ठाऊक आहे. घरात एक वही ठेवा आणि तिची फक्त दोन पानं भरा. पहिलं पान गाडीचं : टायरमध्ये हवा किती, इंजिन ऑइल कोणतं, बॅटरी कधी बसवली. दुसरं वेबसाइटचं : डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर, त्याची मुदत कधी संपते, फाइली कुठं राहतात, बॅकअप, म्हणजे त्यांची जादा प्रत, कुठं आहे. ही पानं भरलेली असली की मेकॅनिकशी आणि वेबसाइट करून देणाऱ्याशी तुमचं बोलणं वेगळ्या पातळीवर होतं. घरच्या घरी करायच्या कामातला निम्म्याहून जास्त भाग या वहीतच आहे.

आता हात वर करा. गाडीबरोबर मिळालेली मालकाची पुस्तिका कुणाकुणी उघडली आहे? तीन. छान. त्यातलं विम्याचा कागद शोधायला कुणी उघडली होती? दोन. म्हणजे एक वाचक सापडला. साहेब, तुम्ही आता घरी गेलात तरी चालेल.

पहिल्या पानाची पहिली ओळ, टायरमधली हवा. यावर मी पाच मिनिटं बोलणार होतो, पण इथं माझं एक जुनं दुखणं आहे आणि त्याचं नाव आमचे दाजी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अत्यंत सज्जन माणूस. फक्त त्यांना सगळं माहीत असतं. एकदा आम्ही त्यांच्या गाडीतून निघालो आणि रस्त्यातला प्रत्येक खडा मला मणक्यात मोजता यायला लागला. मी विचारलं, “दाजी, हवा किती भरलीय?” म्हणाले, “चव्वेचाळीस.” पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप. मी म्हटलं, “चव्वेचाळीस पीएसआय? कुणी सांगितलं?” त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, खाली वाकले आणि टायरच्या बाजूवर बोट ठेवलं. “हे बघा. छापलंय. मी मनानं काही करत नाही.”

छापलेलं होतंच. टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरांत ४४ किंवा ५१ असा आकडा असतो, आणि त्याच्या आधी ‘मॅक्स’ असतं. त्या टायरमध्ये जास्तीत जास्त किती हवा भरता येते, ती ही मर्यादा. तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या चार गाड्यांना बसतो. तुमच्या गाडीला किती हवा लागते हे टायर बनवणाऱ्याला कसं कळणार? ते गाडी बनवणारा सांगतो. चालकाच्या बाजूचं दार उघडा. चौकटीच्या खांबावर एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवतात. त्यावर पुढच्या टायरांचा आकडा वेगळा, मागच्यांचा वेगळा, आणि गाडी माणसं-सामानानं भरलेली असेल तर आणखी वेगळा. दाजींच्या स्टिकरवर ३३ होतं.

मी ते दाखवलं. दाजींनी स्टिकरकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं, आणि म्हणाले, “टायर कुणी बनवला? टायर कंपनीनं. मग टायरमधलं जास्त कुणाला कळणार?” या युक्तिवादाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि ताई मागच्या सीटवरून म्हणाली, “आता निघायचं का?”

उत्तर टायर स्वतः देतो, फक्त सावकाश. हवा जास्त असली की टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो, मधली नक्षी आधी झिजते आणि ब्रेक दाबल्यावर पकड कमी मिळते. हवा कमी असली की दोन्ही कडा झिजतात, टायरची भिंत सारखी वाकत राहते, त्यातून उष्णता तयार होते आणि वेगात जाताना तीच उष्णता टायर फोडते. शिवाय इंधन जास्त जातं ते वेगळंच. झिजलेला टायर नुसता बघितला तरी मालक दाजींच्या पंथातला आहे की आळशी पंथातला, ते ओळखता येतं.

आणखी एक गोष्ट दाजींच्या पंथात नसलेले लोकही करतात. तासभर गाडी चालवून हवा तपासायला थांबतात. टायर तापलेला, आतली हवा तापलेली, मीटर चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो. मग हे चटकन हवा सोडून आकडा ३३ वर आणतात आणि समाधानानं निघतात. सकाळी टायर गार झाल्यावर तिथं २८-२९ उरलेली असते. स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो. गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा फार तर दोन किलोमीटर चाललेली. बाहेरचं तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की दाब एका पीएसआयनं घटतो, म्हणून ऋतू बदलला की टायर न गळताही हवा उतरलेली दिसते. डॅशबोर्डवरच्या टायरच्या दिव्यावर विसंबणाऱ्यांसाठी : अनेक गाड्यांत तो हवा चौथ्या हिश्श्यानं उतरल्यावर लागतो. म्हणजे ३३ ची २५ झाली की मग दिवा. हवा मोजायचा खिशातला मीटर विकत घ्या, महिन्यातून एकदा सकाळी लावा, आणि स्टेपनीलाही लावा. स्टेपनीची हवा आपण फक्त पंक्चर झाल्यावर तपासतो.

टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरण्याबद्दल कुणीतरी कुजबुजलं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्यासाठी भांडायचं असेल तर बाहेर भेटू.

टायरचं वयही लिहून ठेवा. बाजूवर लंबगोलात चार आकडी संख्या असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीच्या खाचांत रबराचे छोटे आडवे उंचवटे दिसतील, ते १.६ मिलिमीटरचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायचा. त्यासाठी कुणाचं मत विचारावं लागत नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. ‘वेबसाइट?’ एवढंच लिहिलंय, पण प्रश्नचिन्ह मोठं काढलंय. बरं, बॉनेटखालचं भरभर घेऊ.

इंजिन ऑइल : सपाट जागा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा, डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढा, पुसा, पुन्हा पूर्ण घाला, काढा. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते वाचायचं नाही. तेल दोन खुणांच्या मधे हवं. खालच्या खुणेपासून वरच्यापर्यंत बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटर बसतं, त्यामुळे थोडं थोडं ओतत जा. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, तेल घुसळून फेस करतो आणि फेसाला वंगण म्हणता येत नाही. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० असं काही लिहिलेलं असेल, ती तेलाच्या दाटपणाची खूण, ते वहीत उतरवा. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव : टाकीवरच्या खुणा बाहेरूनच बघा, तापलेल्या इंजिनवर झाकण उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि तोंडावर येतं. ब्रेक ऑइल : पातळी उतरली तर नुसतं वरून ओतून गप्प बसू नका, एक तर ब्रेक पॅड झिजलेत किंवा कुठंतरी गळतंय. बॅटरी : गाडी रात्रभर उभी असेल तर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो, इंजिन चालू असताना साधारण १४. काढताना आधी ऋण टोक सोडवायचं, बसवताना ते शेवटी जोडायचं. जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही. यावर चर्चा नाही. आणि डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला तर पुढच्या वळणापर्यंतसुद्धा जायचं नाही, जागा दिसताच थांबवून इंजिन बंद.

आता वेबसाइट. योगायोग बघा, इथंही दाजीच आहेत.

दाजींनी त्यांच्या व्यवसायाची वेबसाइट एका होतकरू मुलाकडून करून घेतली. दिसायला छान होती. एके दिवशी ती दिसेना. जाहिरातींचं पान यायला लागलं. तो मुलगा दुसऱ्या नोकरीत गेलेला, त्याचा जुना ईमेल बंद, आणि डोमेन त्याच्याच नावावर. मुदत संपल्याच्या सगळ्या सूचना त्या बंद ईमेलवर गेलेल्या. दाजी म्हणाले, “पैसे मी दिले ना?” दिले, पण नोंदणीत ज्याचं नाव, त्याचं डोमेन. मोठ्यांचंही होतं म्हणा. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पासपोर्ट या लॉगिन सेवेच्या डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं आणि अनेकांना हॉटमेलमध्ये शिरता येईना. ऐन नाताळच्या सुटीत एका लिनक्स प्रोग्रॅमरनं स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून शुल्क भरलं, तेव्हा ते सुरू झालं.

म्हणून पहिलं काम : रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे, तुमच्या नावाचं खातं उघडा आणि डोमेन तुम्हीच घ्या. बनवणाऱ्याला काम करण्यापुरता प्रवेश द्या. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, कार्डाची मुदत वहीत लिहा. डॉट कॉमसारखी डोमेनं मुदत संपल्यावर लगेच जात नाहीत; आधी रजिस्ट्रारची सवलत, मग जादा शुल्क भरून सोडवायचे ३० दिवस, मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतं. पण काही रजिस्ट्रार मधल्या काळातच लिलाव करतात, त्यामुळे या दिवसांवर भिस्त नको.

होस्टिंग म्हणजे फाइलींची जागा. ते डोमेनपासून वेगळं असतं आणि वेगळ्या ठिकाणी घेतलं तरी चालतं. दोन्ही जोडायला नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनचा ठावठिकाणा सांगणारे संगणक, बदलावे लागतात. बदलण्याआधी त्यांच्यावरच्या जुन्या नोंदींचा (त्यांना डीएनएस नोंदी म्हणतात) स्क्रीनशॉट काढा, विशेषतः ईमेल कुठं पोचवायचं ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदींचा. त्या नव्या ठिकाणी उतरवायच्या राहिल्या की वेबसाइट उत्तम चालते आणि ईमेल बंद पडतं. चार पानांचीच वेबसाइट असेल तर साध्या एचटीएमएल फाइली, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या भाषेतल्या फाइली, पुरतात. पानाच्या माथ्यावर यूटीएफ-८ हे अक्षरं साठवायच्या पद्धतीचं नाव लिहायचं, नाहीतर मराठी अक्षरांचा चुराडा होतो. फाइलींची नावं सगळी इंग्रजी छोट्या लिपीत ठेवा, कारण बहुतेक सर्व्हर लिनक्स या संगणकप्रणालीवर असतात आणि त्यांना मोठं ‘ए’ आणि छोटं ‘ए’ वेगळं वाटतं. तुमच्या संगणकावर उघडलेलं चित्र तिथं गायब होतं. मजकूर वरचेवर बदलणार असेल तर वर्डप्रेस हे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर घ्या, पण ते आणि त्याचे प्लगइन, म्हणजे जोडभाग, अद्ययावत ठेवायचे, न वापरलेले काढून टाकायचे. एचटीटीपीएसचं, म्हणजे वेबसाइटशी सुरक्षित जोडणीचं, प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळतं. नेहमीचं ९० दिवसांचं असतं, म्हणून आपोआप नवं होतंय का ते एकदा तपासा.

अध्यक्ष उभे राहिलेत. एकच मिनिट. बॅकअप होस्टिंगच्या त्याच खात्यात ठेवू नका. खातं बंद झालं तर दोन्ही जातात. फाइली आणि डेटाबेस, म्हणजे वेबसाइटचा मजकूर साठवलेला असतो तो, दोन्ही उतरवून घ्या, आणि वर्षातून एकदा तो बॅकअप दुसरीकडे उभा करून पान उघडतंय का बघा.

आणि रजिस्ट्रारच्या खात्याला ईमेल देताना त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठं? दाजींनी नवं डोमेन घेतलं तेव्हा नेमका हाच पत्ता दिलाय. ताईनं कालच सांगितलं. आता इथून उतरलो की त्यांना फोन करायचाय.