पानगळीतला ब्रेक

[दृश्य: पहाट. झाडांमधून जाणारा रस्ता, त्यावर ओल्या पानांचा थर. दूर धुक्यात एका गाडीचे दिवे.]

पानगळ सुरू झाली की ओळखीचा रस्ताही परका होतो. डांबर तेच, वळणंही तीच. पण गळलेली पानं चाकांखाली चिरडून त्यांचा लगदा होतो, रात्रीचं दव त्याला ओला ठेवतं आणि वरून नवी पानं पडतच राहतात. त्यांच्याखाली खड्डा आहे की गटाराचं झाकण, काही कळत नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टेही दिसेनासे होतात.

[दृश्य: चाक काढलेली गाडी. डिस्क आणि कॅलिपर जवळून.]

आपण ब्रेक दाबतो तेव्हा पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलचा दाब चाकांपर्यंत पोहोचतो. चिमट्यासारख्या कॅलिपरमधला पिस्टन घर्षणाच्या पट्टीला, म्हणजे पॅडला, चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, आवळतो आणि चाकाचा वेग उतरतो. ब्रेकचं काम इथे संपलं. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवर, आणि प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग असतो जेमतेम तळहाताएवढा. पॅड कोरे करकरीत असले तरी खाली ओला लगदा असेल तर चाक थांबतं आणि गाडी घसरत राहते.

म्हणून ब्रेकची तपासणी आधी टायरपासून. अनेक देशांत टायरच्या खाचांची किमान खोली कायद्यानं 1.6 मिलिमीटर आहे. कायद्याला ती चालते. साचलेल्या पाण्याला चालत नाही. खोली 3 मिलिमीटरच्या आसपास आली की नव्या टायरचा विचार सुरू करावा. हवेचंही तसंच. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयनं (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होतो, त्यामुळे उन्हाळ्यात नीट भरलेली हवा आता कमी पडते. दाब मोजायचा तो गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना.

[दृश्य: स्पीडोमीटरचा काटा 50 वर, मग 100 वर.]

आता वेग. ताशी 50 किलोमीटरला गाडी एका सेकंदात 14 मीटर पुढे जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढा रस्ता सरलेला असतो. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण 14 मीटर लागतात. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं: सुमारे 56 मीटर. आणि पकड निम्मी झाली, तर तेही दुप्पट. ओल्या पानांवर पकड त्याहूनही घसरू शकते. पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर दोन सेकंदांचं अंतर राखा असं सांगतात. इथे किमान चार हवेत. मध्ये मोकळी जागा दिसली की कुणीतरी घुसणारच. घुसू द्यावं, आणि पुन्हा थोडं मागे राहावं.

[दृश्य: रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी. डिस्कवर तांबूस थर.]

दमट रात्रीनंतर सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबला की खरखर ऐकू येते. बहुतेकदा घाबरण्याचं कारण नसतं. डिस्क बिडाची असते, तिच्यावर रात्रीत गंजाचा पातळ थर चढतो आणि चार-दोन वेळा ब्रेक लागले की तो निघून जातो. आवाज राहिला, तर मात्र पॅड बघायचे. पॅडवरचं घर्षणाचं अस्तर 3 मिलिमीटरपर्यंत आलं की ते बदलून घ्यावेत. अनेक पॅडना एक छोटी पत्री असते. अस्तर संपत आलं की ती डिस्कला घासून किंचाळते. ती किंचाळावी म्हणूनच बसवलेली असते. आवाज बंद व्हावा म्हणून डिस्कवर तेल मारणारेही महाभाग असतात. आवाज बंद होतो, आणि ब्रेकही.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांची गोष्ट थोडी उलटी. तिथे वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते, पॅड क्वचितच लागतात आणि डिस्कवरचा गंज साचत जातो. मागे कुणी नसताना, कोरड्या रस्त्यावर अधूनमधून ब्रेक जोरात दाबलेला बरा.

[दृश्य: बॉनेट उघडलेलं. ब्रेक ऑइलची टाकी.]

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू ही. नेहमीच्या वापरातलं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मुरलं, तर ही हमी 155 अंशांवर येते. ब्रेकमध्ये उष्णता किती तयार होते? दीड टनाची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवताना निघणारी उष्णता दीड लिटर गार पाणी उकळवायला पुरते. लांब उतारावर एकसारखा ब्रेक दाबत राहिलं की हीच उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी धरू द्यावी. आणि ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावं, टाकी भरलेली दिसत असली तरी.

पेडल मऊ लागत असेल तर लाइनमध्ये हवा शिरली असावी. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखादा कॅलिपर अडकलेला असू शकतो. या दोन्हींसाठी गाडी सरळ मेकॅनिककडे न्यायची.

[दृश्य: पानांनी झाकलेलं वळण.]

वळणावर सांभाळायचं एकच: वेग वळणाआधी उतरवायचा. पानांच्या थरावर असताना स्टिअरिंगला हिसका नको, ब्रेकलाही नको. तरीही अचानक थांबावंच लागलं आणि गाडीला एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, असेल, तर ब्रेक पूर्ण दाबून धरायचा. पेडल पायाखाली थरथरतं. ते बिघाडाचं लक्षण नाही, एबीएस काम करतंय. 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशचं एबीएस आलं, तेव्हापासूनचा त्याचा खरा उपयोग हाच: चाकं लॉक होत नाहीत, म्हणून ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळवता येते. ओल्या पानांवर एबीएस थांबण्याचं अंतर मात्र वाचवेलच असं नाही.

धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. लो बीम आणि फॉग लॅम्प पुरेत. सकाळ-संध्याकाळी सूर्य अगदी डोळ्यांच्या रेषेत असतो, आणि काचेच्या आतल्या बाजूचा धुरकट थर तेव्हाच जाणवतो. तो आधीच पुसावा. थंडी वाढली की पुलांवर आधी बर्फ धरतो, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. डॅशबोर्डवर 3 अंश दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. तो आकडा हवेचा असतो, आणि निरभ्र रात्री रस्ता हवेपेक्षा गार होतो.

[दृश्य: झाडाखाली पार्किंग.]

गाडी उभी करताना सुक्या पानांचा ढीग टाळावा. गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा धूर शुद्ध करणारा भाग, चालून आल्यावर काही शे अंशांपर्यंत तापलेला असतो, आणि खाली टेकलेली पानं पेटू शकतात. काचेखालच्या जाळीत अडकलेली पानंही हातानं काढून टाकावीत, नाहीतर तिथलं पाणी तुंबून गाडीच्या आत उतरतं.